शांत झाल्यावर मोजलेले श्वास

नागपूरच्या दवाखान्यात चौथ्या दिवशी डॉक्टर मॅडमनी माझी वही मागितली. मुलीचे श्वास मी तीन महिन्यांपासून लिहून ठेवले आहेत, हे मीच त्यांना सांगितलं होतं. सांगताना माझ्या आवाजात थोडी ऐट होती, हे आज कबूल करते. पेशंटच्या घरची माणसं असं काही लिहून ठेवत नाहीत. मी ठेवलं होतं. तारीख, वेळ, मिनिटाला किती श्वास. अठरा, वीस, सतरा, एकोणीस.

मॅडमनी पानं उलटली. म्हणाल्या, "हे केव्हा मोजलं तुम्ही?"

"सकाळी पळायचा सराव करून आल्यावर. शांत बसवून, पाणी पाजून, वीस-पंचवीस मिनिटांनी."

"आणि आल्या-आल्या?"

"तेव्हा धापा टाकत असते. तो आकडा खरा नसतो, मॅडम."

त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या मुलीला दमा आहे. धावल्यावर तो उसळतो. आम्ही त्याला एक्सरसाइज इंड्यूस्ड ब्राँकोकन्स्ट्रिक्शन म्हणतो, म्हणजे व्यायामामुळे श्वासनळ्या आवळणं. धावताना कमी, थांबल्यावर पाच ते पंधरा मिनिटांत सगळ्यात जास्त. मग बसलं की बहुतेक वेळा हळूहळू आपोआप उतरतं. घरी तुम्ही दर वेळी उतरल्यावर मोजलंत."

पलंगावर माझी सतरा वर्षांची प्रज्ञा नाकात ऑक्सिजनची नळी घेऊन जागी होती. तिनं सगळं ऐकलं. मग ती कुशीवर वळली, भिंतीकडे तोंड करून.

मी आशा कार्यकर्ती आहे. नागपूरहून राज्याच्या सीमेपलीकडच्या, हिंदी कारभाराच्या सौसर तालुक्यात मोहगावच्या अलीकडे आमचं गाव आहे, तिथल्या दोन वस्त्या माझ्याकडे आहेत. गरोदर बायांची नोंद, लसीकरण, बाळंतपणाला सोबत आणि लहान लेकरांचे श्वास मोजणं ही माझी कामं. निमोनिया ओळखायला आम्हाला हेच शिकवलेलं आहे. झबलं वर करायचं, पोटाकडे पाहायचं आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजायचं. दोन महिन्यांच्या आतलं लेकरू असेल तर साठ, वर्षाच्या आतलं असेल तर पन्नास, त्याहून मोठं पण पाचाच्या आतलं असेल तर चाळीस. तेवढे भरले की थेट दवाखाना. आणि मुख्य म्हणजे लेकरू शांत हवं. रडत असेल तर मोजायचं नाही, आईनं त्याला पाजावं, थोपटावं, निवलं की मगच मोजावं.

नियम बरोबरच आहे. रडणाऱ्या लेकराचा आकडा चुकतो. या नियमानं मी दोन लेकरं वेळेत सौसरला पोचवली, आणि दोन्ही आज शाळेत जातात. त्यामुळे गावात माझ्या मोजण्याला मान होता आणि मला त्याचा माज होता. पाच वर्षांच्या आतल्या लेकरांचा नियम सतरा वर्षांच्या मुलीला लावतो आहोत, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

प्रज्ञाला पोलिसात जायचं आहे. बारावी होईपर्यंत शरीर तयार ठेवायचं म्हणून ती फौजी काकांकडे जाऊ लागली. फौजी काका म्हणजे आमच्याच गावचे निवृत्त सैनिक. भरतीची तयारी करणाऱ्या पोरापोरींना ते पहाटे पळवतात, एक रुपया घेत नाहीत, आणि दांडी मारलेली त्यांना खपत नाही. संत्र्याच्या बागांमधल्या मुरमाच्या रस्त्यानं जाऊन परत यायचं, शनिवारी जामसांवलीच्या देवळाच्या रस्त्यानं. त्या दिवशी देवाला पायी जाणारी माणसं असतात, त्यांच्या बाजूनं ही पोरं धापा टाकत जातात. पोरींमध्ये प्रज्ञा पुढे असायची.

फेब्रुवारीच्या शेवटी थंडी गेली आणि हवा कोरडी झाली. तेव्हा ती पळून आली की खोकायला लागली. सुका, ठसक्यासारखा खोकला. धूळ गेली असेल म्हटलं. आठवडाभरानं ती दारात येऊन चौकट धरून उभी राहिली.

"आई, मले दम नाई घेता येऊन राहिला."

"पयले बस. पाणी पे. शांत हो."

ती बसली. मी भाजी टाकली, कणीक भिजवली, मग घड्याळ घेऊन तिच्यासमोर बसले. अठरा.

"काई नाई तुले. अठरा हायेत. पयल्यावर होतेच तसं."

असं मार्चभर चाललं. ती यायची, मी बसवायची, मग मोजायची. एकदा ती म्हणाली, "आई, माह्या छातीतून शिट्टी वाजते, कान लावून पाय." मी हात धुऊन, पोळ्या डब्यात घालून मग कान लावला. काही ऐकू आलं नाही. "वाजत नाई व," म्हटलं. ती माझ्याकडे पाहतच राहिली. तिच्या त्या पाहण्याचा अर्थ मला आज कळतो. तेव्हा वाटलं, पोरगी कंटाळली, आता पळायचं नाही म्हणून बहाणे शोधून राहिली.

दवाखाना केला नाही असं नाही. मी आशा आहे, दवाखाना मला घरच्यासारखा. आमचा रिकामा वेळ दुपारी, म्हणून दुपारीच नेलं. एक्स-रे स्वच्छ. ऑक्सिमीटरवर अठ्ठ्याण्णव. ईसीजी, म्हणजे हृदयाचा आलेख, तोही बरोबर. हिमोग्लोबिन जरा कमी, म्हणून लोहाच्या गोळ्या. पांढुर्ण्याच्या एका डॉक्टरांनी तिच्याकडे पाहून विचारलं, "एग्ज़ाम का टेंशन है क्या बेटा?" ती म्हणाली, "नहीं सर, दौड़ने के बाद होता है." ते म्हणाले, "तो दो दिन मत दौड़ो." मीही हसले. बसलेल्या मुलीची तपासणी तीन ठिकाणी झाली. पळालेल्या मुलीला कोणीच पाहिलं नाही, आणि पाहायला पाहिजे होतं ते मी, कारण ती पळून माझ्याच दारात येत होती.

दमा असेल का, हे एकदा मनात येऊन गेलं होतं. पण दमा थंडीत होतो, म्हाताऱ्या माणसांना होतो, चुलीच्या धुरानं होतो, असं मीच बायांना सांगत फिरायची. आमच्याकडे एप्रिलमध्ये गच्चीवर वाळत टाकलेलं लुगडं दहा मिनिटांत कडक होतं. असल्या उन्हात दमा कसा उठेल, असं म्हणून मी तो विचार सोडून दिला.

एप्रिलमध्ये मी तिला जे बोलले ते लिहायलाच पाहिजे. ती पळून आली, बोलता येत नव्हतं, हातानं छाती दाखवत होती. मी अंगणवाडीत जायला निघाले होते. म्हटलं, "पोलीस व्हाचं हाय का नाई तुले? व्हाचं नसंन तं तसं सांग, नाटकं नको करू."

त्यानंतर तिनं सांगणं बंद केलं. पळून आली की हसतमुख घरात यायची, मला मोजू द्यायची, आंघोळीला जायची. मला वाटलं, चला, सुटली एकदाची. तिची मैत्रीण मला दवाखान्यात भेटायला आली तेव्हा खरं कळलं. प्रज्ञा रोज पळून झाल्यावर वेशीजवळच्या हातपंपाच्या ओट्यावर अर्धा-अर्धा तास बसून राहायची. गुडघ्यांवर हात टेकून, पुढे वाकून. श्वास बसला की मग घरी. माझी मुलगी शांत होऊनच माझ्याकडे यायला शिकली होती.

मे महिन्यात फौजी काकांनी चार गावांच्या पोरांची चाचणी ठेवली. खऱ्या भरतीत असते तशी, शिट्टी, घड्याळ, छातीवर नंबर. सकाळी सहाला पळवायचं ठरलं होतं. पण कुणाच्या तरी डोक्यात पाहुणा बोलावण्याचं आलं, आणि पाहुणा म्हटला की उशीर आला. सत्कार, भाषण, पुन्हा सत्कार. पोरींची आठशे मीटरची दौड साडेदहाला सुरू झाली. ऊन असं की पत्र्याच्या शेडखाली बसवत नव्हतं. बाजूच्या शेतात ट्रॅक्टरला लावलेला रोटावेटर ढेकळं फोडत होता आणि त्याची सगळी माती मैदानावर येत होती. कुणाला तरी जाऊन ट्रॅक्टर थांबवायला सांगता आलं असतं. मलाही सांगता आलं असतं. मी ओआरएसची पाकिटं मांडून, छातीला बिल्ला लावून टेबलामागे बसले होते.

प्रज्ञा दुसरी आली. टाळ्या झाल्या. पाहुण्यांसोबत फोटोसाठी पोरींना रांगेत उभं केलं. पाच-सात मिनिटांनी ती रांगेतून निघून माझ्या टेबलाशी आली, दोन्ही हात टेबलावर टेकले आणि "आई" एवढंच म्हणाली.

मी तिला कडुनिंबाखाली बसवलं. पाणी दिलं, ते तिला गिळता आलं नाही. शिट्टीसारखा आवाज या वेळी मलाही येत होता, कान लावायची गरज नव्हती. मी घाबरले. घाबरल्यावर माणूस त्याला येतं तेच करतो. मी घड्याळ लावलं.

एकोणचाळीस. लिहिलं. तिची पाठ चोळली, दुपट्ट्यानं वारा घातला. सात-आठ मिनिटांनी चौतीस. फौजी काका येऊन उभे राहिले. "नेऊ का व सौसरले?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "थांबा जरासे, काका. उतरून राहिले." पुन्हा मोजलं. सव्वीस. शिट्टीचा आवाजही बंद झाला होता. मला हायसं वाटलं. हे मी लपवणार नाही, मला खरोखर हायसं वाटलं. प्रज्ञाचे डोळे अर्धे मिटले होते, मला वाटलं, दमून झोप येऊन राहिली. मग सोळा.

सोळा हा चांगला आकडा आहे. तो मी वहीत लिहिला.

फौजी काका म्हणाले, "तिचे ओठ पाहा." मी वहीतून वर पाहिलं. ओठ जांभळट झाले होते. काकांनी तिला उचललं, पाहुण्यांच्या गाडीचं दार उघडलं आणि कुणाला न विचारता मागच्या सीटवर आडवं टाकलं. ड्रायव्हर काहीतरी बोलू लागला, तर काकांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. पाहुणे फोटोसाठी उभेच होते.

सौसरच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी छातीला स्टेथोस्कोप लावला, पुढून, मागून, मग दुसऱ्यांदा. "कुछ सुनाई ही नहीं दे रहा," ते सिस्टरला म्हणाले. याला सायलेंट चेस्ट म्हणतात, म्हणजे हवा आत-बाहेर इतकी कमी जाते की शिट्टीसुद्धा वाजत नाही. दम्यात याहून वाईट खूण क्वचितच. मी मधेच बोलले, "सर, साँस कम हो गई थी, सोलह पे आ गई थी."

ते औषध भरत होते. मान वर न करता म्हणाले, "कम नहीं हुई थी, दीदी. लड़की थक गई थी."

नेब्युलायझर लावलं, म्हणजे औषधाची वाफ. ऑक्सिजन, सलाइनमधून इंजेक्शनं. त्या डॉक्टरांनी तिचा श्वास चालू ठेवला, त्यांचे हात मी विसरणार नाही. मग अँब्युलन्सनं नागपूर. रस्ताभर सिस्टर तिच्या तोंडावरचा फुगा दाबत होती. मी तिच्या पायाशी बसले होते आणि काही मोजत नव्हते.

नागपूरला तिला व्हेंटिलेटरवर ठेवलं, म्हणजे घशात नळी घालून यंत्रानं श्वास देतात. प्रज्ञाचे बाबा बोरगावच्या कंपनीतून, अंगावर कंपनीच्याच कपड्यांनी थेट आले. आयसीयूबाहेर लोखंडी बाकांची रांग आहे, तिथे आम्ही बसलो. सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं आत सोडायचे. बाकी वेळ दाराकडे पाहायचं. दार उघडून सिस्टरनं नाव घेतलं की सगळे एकदम उठायचे. दुसऱ्या दिवशी तिनं शेजारच्या बाकावरच्या माणसाचं नाव घेतलं. तो आत गेला आणि बाहेर आला तो भिंत धरून. त्याची पिशवी आणि पाण्याची बाटली किती तरी वेळ बाकावर तशीच होती.

प्रज्ञाच्या बाबांनी माझ्या हातातली वही पाहिली. मैदानावरून मी ती तशीच घेऊन आले होते. वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "तुले समजतच नव्हतं, तं मोजत काहून होती?" एवढं एकदाच बोलले. पुन्हा कधी काढलं नाही. पण जे बोलले त्यात चूक काय होती?

तिसऱ्या दिवशी नळी निघाली. आवाज पार बसला होता. मी आत गेले, तिच्या केसांवरून हात फिरवला आणि कुठलीही आई विचारेल ते विचारलं, "कसं वाटते, बाई?"

ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "मोज ना."

ते ऐकलं आणि मी बाहेर येऊन बाकावर बसले. रडू आलं नाही. आयसीयूमधून मुलगी परत मिळाली होती. पण मला काही सांगणारी मुलगी हरवली होती, आणि ती परत मिळवायला कुठल्या डॉक्टरकडे जायचं, हे कोणी सांगणार नव्हतं.

चौथ्या दिवशी मॅडमनी निदान सांगितलं, ते मी सुरुवातीला लिहिलं आहे. उरलेलं समजायला मला जास्त दिवस लागले. मॅडम म्हणाल्या, नाक हवेला ओलं करून, धूळ गाळून आत सोडतं. जोरात पळताना माणूस तोंडानं श्वास घेतो, तेव्हा कोरडी हवा तशीच आत जाते आणि श्वासनळ्यांच्या आतली ओल ओढून घेते. ज्या हवेनं लुगडं दहा मिनिटांत कडक होतं, तीच हवा माझ्या मुलीच्या छातीत जात होती. ओल गेली की नळ्या चिडतात आणि आवळतात. थंडीतली हवा कोरडी असते म्हणून तिनं दमा उठतो, आणि आपल्याकडची मे महिन्याची हवाही कोरडीच असते. वर धूळ, जाळलेल्या पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचा धूर. तीन महिने रोज हेच होत राहिलं, औषध काही नाही, म्हणून नळ्यांना आतून सूज येत गेली आणि त्या दिवशी त्या मिटल्याच.

दोन महिन्यांनी, ती पुरती सावरल्यावर, मॅडमनी तिची पळवून तपासणी केली. आधी स्पायरोमेट्री, म्हणजे एका नळीत जोरानं फुंकायचं आणि हवा किती वेगानं बाहेर येते ते यंत्र मोजतं. फुंकर चांगली आली. मग नाकाला चिमटा लावून सहा-सात मिनिटं ट्रेडमिलवर पळवलं. बाजूला डॉक्टर, सिस्टर, ऑक्सिजन, सगळं तयार. थांबल्यावर पाच मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावलं. कागदावरची रेघ निम्म्यावर आली होती. प्रज्ञानं तो कागद मॅडमच्या हातातून घेतला, बराच वेळ पाहिला आणि घडी करून आपल्या पर्समध्ये ठेवला. माझ्याकडे पाहिलं नाही. आपण खोटं बोलत नव्हतो याचा पुरावा पोरीला कागदावर मिळाला. आईकडून मिळायला हवा होता.

आता ज्यांच्या घरी पळणारं, खेळणारं पोर आहे त्यांना सांगते. पीटीच्या सरांनाही आणि माझ्यासारख्या आशा दीदींनाही. पोर खेळून आल्यावर खोकत असेल, छाती दाबून वाकत असेल, शिट्टी वाजते म्हणत असेल, तर ते शांत व्हायची वाट पाहू नका. तेव्हाच पाहा, तेव्हाच कान लावा, जमलं तर मोबाइलवर आवाज भरून घ्या आणि डॉक्टरांना ऐकवा. डॉक्टरांना स्पष्ट सांगा, बसवून तपासू नका, पळाल्यावर होतं. एका दमात वाक्य पुरं करता येत नसेल, ओठ निळे-जांभळे दिसत असतील, पोर गुंगत असेल, किंवा वाजणारी छाती एकाएकी गप्प झाली आणि पोर मात्र सावरलेलं नसेल, तर मिनिटभरही थांबू नका. गाडी कुणाची आहे हे पाहू नका.

आणि पंपाला घाबरू नका. पंप म्हणजे इनहेलर. आमच्या वस्तीत चार बायांनी मला सांगितलं, "पोरीच्या जातीले पंप नको लावू, सवय लागते, उद्या पाव्हणे काय म्हणतीन?" मी त्यांना म्हटलं, व्हेंटिलेटरवरच्या पोरीला पाहायला पाहुणे येत नाहीत. तिला दोन पंप आहेत. एक रोज सकाळ-संध्याकाळ, सूज उतरवणारा. बरं वाटतं म्हणून तो बंद करायचा नाही. दुसरा पळण्याच्या पंधरा मिनिटं आधी, आणि छाती आवळली तर तेव्हा. स्पेसर लावून घ्यायचा, म्हणजे मधे प्लास्टिकचं नळकांडं असतं, त्यामुळे औषध तोंडात न राहता छातीत जातं. पळण्याआधी दहा मिनिटं हळूहळू अंग गरम करायचं. तोंडावर पातळ रुमाल. शेजारी ट्रॅक्टर चालू असेल तर त्या दिवशी पळायचं नाही. फौजी काकांनी हे सगळं तोंडपाठ केलं आहे. आता ते पोरांना पळून झाल्यावर पाव तास घरी सोडत नाहीत, प्रत्येकाच्या समोर जाऊन उभे राहतात. त्या दिवसाबद्दल ते मला एक शब्द बोलले नाहीत. काका विचारत होते आणि मी थांबा म्हटलं होतं, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे.

पोलिसाचं काय होईल ते माहीत नाही. मॅडम म्हणतात, औषध नीट घेतलं तर ती पळू शकते. भरतीच्या मेडिकलला काय म्हणतील, ते कोणी छातीठोक सांगत नाही. प्रज्ञा पळते आहे. पहिल्यासारखी पुढे नसते, मधे असते.

घरी मात्र ती माझ्याशी फक्त कामापुरतं बोलायची. पंप घ्यायची तो माझ्याकडे पाठ करून. त्रास झाला तर बाबांना सांगायची, काकांना सांगायची, एकदा तर आमच्या एएनएम, म्हणजे नर्सबाईंना फोन करून सांगितलं, ज्यांच्या हाताखाली मी काम करते. मला तिसऱ्याकडून कळायचं. मी विचारणं सोडून दिलं होतं. काय तोंडानं विचारणार? सकाळी ती पळायला गेली की मी दाराशी उभी राहायची आणि ती वळणावर दिसली की आत जाऊन काहीतरी कामाला लागायची, म्हणजे वाट पाहत होते असं दिसू नये. पावसाळा असाच गेला, थंडीही अशीच गेली.

गेल्या महिन्यात एका सकाळी मी भाकरी थापत होते. हवा पुन्हा कोरडी झाली आहे. प्रज्ञा थेट स्वयंपाकघरात आली. ओट्याला हात टेकून उभी राहिली, खांदे वर-खाली होत होते. बाबा घरीच होते, बाहेर अंगणात. ती त्यांना ओलांडून आत आली होती.

"आई," ती म्हणाली. मधे श्वास घेतला. "आज लई आवळली छाती."

मी पिठाच्या हातानंच गॅस बंद केला. बस म्हटलं नाही, पाणीही पुढे केलं नाही. पंप काढला, स्पेसरला लावला, ती ओढत गेली तसं मॅडमनी सांगितल्याप्रमाणे मी एकेक फवारा देत गेले. मग तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. पिठाचा पंजा तिच्या टी-शर्टवर उमटला. दहा-बारा मिनिटं आम्ही दोघी तशाच उभ्या होतो. तव्यावरची भाकरी तशीच कच्ची राहिली.

"आता कसं वाटते?" मी विचारलं. दवाखान्यानंतर पहिल्यांदा विचारलं.

तिनं थोडा विचार केला. "अर्धं बरं."

ओठ गुलाबी होते, बोलणं सरळ होतं, बाहेरून पाहणाऱ्याला ती चांगलीच दिसली असती. मलाही चांगली दिसत होती. पण ती अर्धं म्हणाली होती. मी पंप हलवला आणि पुन्हा तिच्यासमोर धरला.